हार्डिंगच्या बायकोने नवऱ्याचे कागद जाळले, त्यात तिचं काय चुकलं?

प्रश्न असा आहे: "अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वीच्या नेत्यांची खासगी पत्रं, डायऱ्या ग्रंथालयांत ठेवून लोकांना वाचायला का देतात? राष्ट्राध्यक्ष हार्डिंग गेल्यावर बायकोने कागद जाळले. घरच्यांना तेवढा हक्क नको का?"

हक्क होता. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे राष्ट्राध्यक्षाचे कागद ही त्याची खासगी मालमत्ता असायची. घरी न्या, विका, नाहीतर चुलीत घाला. ते सरकारचे ठरवणारा कायदा १९७८ साली आला. सिनेटरांचे स्वतःचे कागद आजही त्यांचेच असतात. झालं, कायद्यापुरतं उत्तर इथे संपलं. पण "काय चुकलं" हे वाचून मला राहवेना.

मी ओहायोत कोलंबसला राहतो. तिथून तासाभरावर मॅरियन, हार्डिंगचं गाव. मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी गेलो होतो. ज्या ओसरीवर बसून त्याने १९२० चा प्रचार केला, ती पाहिली. ऑगस्ट १९२३ मध्ये हार्डिंग सॅन फ्रान्सिस्कोत अचानक गेला. मग फ्लोरेन्सबाईंनी वॉशिंग्टनमध्ये आणि परत येऊन मॅरियनमध्ये कागद निवडले आणि पेट्यांच्या पेट्या जाळल्या. नवऱ्याचं नाव राखायचं म्हणून. हे मुलीला मराठीत सांगताना माझा आवाज चढला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही का चिडताय?"

चिडतो, कारण आमच्याकडे हेच झालं आणि लाकडं पुरवणारा मी होतो.

१९८७. वाळवा तालुक्यातलं आमचं घर. आजोबांचे दिवसवार उरकले होते, पाहुणे पांगले होते. आत्याने माळ्यावरची ट्रंक खाली घेतली आणि परसात बंबापाशी पाट टाकून बसली. मी अकरा वर्षांचा. "चिपाड आण," म्हणाली. चिपाड संपलं तसं म्हणाली, "आता हे घाल." निळी अंतर्देशीय पत्रं, मोडीतल्या वह्या, सुतळीने बांधलेले कागद. एक पोस्टकार्ड कोपरा फाडलेलं होतं. असलं कार्ड वाचलं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, एवढं मलाही माहीत होतं. आजोबांनी ते जपून ठेवलं होतं. कोण गेलं होतं? मी विचारलं. आत्या म्हणाली, "तुला काय करायचंय? घाल." घातलं. त्या दिवशी पाणी इतकं कढलं की दोन बादल्या विसाण लागलं.

आता यातली गोम. बेचाळीसच्या चळवळीत आजोबांनी भूमिगत लोकांना भाकरी पोचवल्या असं घरात सांगतात. गावात एक घर आहे, ते सांगतं की आजोबा पोलिसांचे खबरे होते. आजोबा असेपर्यंत कोणाची टाप नव्हती. ते गेल्यावर बोलायला लागले, आणि "मग कागद का जाळले?" हा त्यांचा हुकमाचा एक्का. माझ्याकडे त्याला उत्तर नाही. चुलतभावाच्या लग्नात पंगतीत हा विषय निघाला, तेव्हा मी ताटावरून उठलो होतो.

हार्डिंगचं वेगळं काय झालं? टीपॉट डोमचा तेलाचा घोटाळा बाहेर आला (त्याच्या मंत्र्याने लाच घेऊन सरकारी तेलसाठे खासगी कंपन्यांना दिले होते), आणि कागद नाहीत म्हटल्यावर ज्याला जे सुचेल ते त्याच्या नावावर चढलं. बायकोने विष घातलं इथपर्यंत. जे उरले होते ते कागद १९६४ मध्ये खुले झाले, पण चाळीस वर्षांत मत पक्कं व्हायचं ते झालं होतं.

आणि नेमकं जे जळायला हवं होतं तेच वाचलं. कॅरी फिलिप्स नावाच्या, त्याच गावातल्या बाईला १९१० ते १९२० त्याने लिहिलेली प्रेमपत्रं. हजारेक पानं, त्यांतली काही चक्क सिनेटच्या लेटरहेडवर, कारण राष्ट्राध्यक्ष होण्याआधी तो सिनेटर होता. म्हातारपणी तिचा कारभार बघायला नेमलेल्या वकिलाला ती तिच्या घरात कुलूपबंद सापडली. पुढे एका चरित्रकाराने ती वाचली, तशी हार्डिंगचे वारस कोर्टात गेले. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे वारसांचा. १९६८ मध्ये पुस्तक आलं तेव्हा पत्रांतल्या ओळींच्या जागी नुसत्या रेघा होत्या. तडजोड होऊन पत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेली आणि २९ जुलै २०१४ ला उघडली. लोक चावट मजकूर वाचून खिदळले. पण ती बाई जर्मनीच्या बाजूची होती आणि १९१७ मध्ये हा सिनेटर तिच्याशी युद्धाच्या मतावरून वाद घालत होता, ते कोण वाचतंय!

म्हणून हार्डिंगनंतरचा राष्ट्राध्यक्ष कूलिज याच्यासारखे स्वतःच खासगी फायली नष्ट करणारे मला पटत नाहीत. त्याच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट आणि विल्सन बघा. टाफ्टचे पावणेसात लाखांच्या घरात कागद. विल्सनचे घरबसल्या फुकट बघता येतात. जानेवारी १९१९ मध्ये लोकमान्यांनी लंडनहून विल्सनला भारताच्या स्वयंनिर्णयाबद्दल पत्र पाठवलं. विल्सनच्या चिटणिसाने कळवलं की योग्य वेळी योग्य अधिकारी त्याचा विचार करतील. आपल्या सरकारी कचेरीतलं उत्तर वाटतं ना? पण तो कागद आहे, म्हणून टिळकांनी विचारलं होतं आणि विल्सनने टाळलं होतं हे आज कोणाला नाकारता येत नाही.

तुमच्या घरी ट्रंक असेल तर जाळू नका. पन्नास वर्षं कुलूप घाला, हवं तर ग्रंथालयाशी तसा करार करा. कुलूप काढता येतं.

आता हेही सांगतो, की कॅरीला कोणी विचारलं नव्हतं. ती १९६० मध्येच गेली. माझी पत्रं कोणी वाचलेली मला चालतील का? बायकोला लग्नाआधी लिहिलेली तर मुळीच नाही. आणि आत्याने त्या ट्रंकेत खरंच काहीतरी वाचलं असेल, हेही मनात येतं. ती आता चौऱ्याऐंशीची आहे, कोल्हापूरला असते, कान अजून तिखट. मागच्या दिवाळीला फोनवर तिला फ्लोरेन्सबाईंची सगळी हकीकत सांगितली. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शहाणी होती. पण तिने नातवंडांना जवळ बसवायला नको होतं." मी म्हटलं, तिला आणि हार्डिंगला मिळून मूलच नव्हतं. आत्या म्हणाली, "मग बरं."