केबल काढली की बॅकअप डायल-अप लागतं, खरी लाइन गेली की लागत नाही. असं का?

तुमच्या वर्णनातली गोम अशी आहे: सांगलीच्या ब्रँचमधल्या राउटरची सिरीयल केबल काढून पाहिलं की मोडेम डायल करतो आणि पुण्याचा सर्व्हर दिसतो. लीज्ड लाइन (पुण्यापर्यंत भाड्याने घेतलेली कायमची लाइन) खरोखर जाते तेव्हा मात्र कधी डायलच होत नाही, कधी कॉल लागूनही सर्व्हर दिसत नाही. म्हणजे मोडेम ठणठणीत आहे, त्यावर पैसे घालू नका. माझा संशय एक्सचेंजमधल्या लूपवर आहे.

तक्रार नोंदवली की फॉल्ट कुठे आहे ते शोधायला लाइनला लूप टाकतात, म्हणजे पाठवलेलं सगळं त्याच टोकाला परत येईल अशी जोडणी करतात. सिस्को राउटरच्या सिरीयल पोर्टवर तुम्ही काही बदललं नसेल तर एचडीएलसी हा लाइनवरचा प्रोटोकॉल चालू असतो. त्यात दर 10 सेकंदांनी कीपअलाइव्ह, म्हणजे लाइन जिवंत आहे का ते बघणारा छोटा संदेश, जातो. लूपमुळे राउटरला स्वतःचाच कीपअलाइव्ह परत मिळतो आणि तो लाइन चालू धरून बसतो. शो इंटरफेस या कमांडमध्ये ‘लाइन प्रोटोकॉल इज अप’ येतं, पुढे कंसात ‘लूप्ड’. घाईगडबडीत तो कंस कोण वाचतंय! लाइन अप, म्हणून स्टॅटिक राउट (हाताने लिहून ठेवलेला मार्ग) जागच्या जागी, म्हणून बॅकअपला उठायचं कारणच नाही.

लूपचं तोंड पुण्याकडे असेल तर आणखी मजा. सांगलीची लाइन डाउन होते, कॉल लागतो, पॅकेट सर्व्हरपर्यंत पोचतंही. पण पुण्याचा राउटर उत्तर लीज्ड लाइनवरच टाकतो. ते लूपमधून परत येतं, राउटर पुन्हा बाहेर ढकलतो, टीटीएल (पॅकेटला मिळालेल्या उड्यांची मर्यादा) संपेपर्यंत हेच चालतं. तुम्ही इकडे मोडेमला शिव्या घालत बसता.

दोन्ही राउटरच्या सिरीयल इंटरफेसवर डाउन-व्हेन-लूप्ड ही कमांड द्या. लूप दिसला की इंटरफेस डाउन होईल. डायलरकडे (मोडेमच्या इंटरफेसकडे) जाणारा, 200 डिस्टन्सचा, म्हणजे मुख्य राउट गेल्यावरच वापरला जाणारा स्टॅटिक राउट पुण्याकडेही आहे ना, तेही बघा. बहुतेक जण तो फक्त ब्रँचमध्ये टाकतात.

नंतर तपासताना नुसता पिंग मारून निकाल लावू नका. राउटरचा पिंग 5 पॅकेटचा, प्रत्येकी 2 सेकंद वाट बघतो. साध्या मोडेमला नंबर फिरवून कनेक्ट व्हायलाच अर्धा मिनिट लागू शकतो. पिंग 50 पॅकेटचा द्या. फोनची लाइन ईपीएबीएक्समधून (ऑफिसच्या अंतर्गत फोन एक्सचेंजमधून) घेतली असेल आणि मोडेम ‘नो डायलटोन’ म्हणत असेल, तर इनिट स्ट्रिंगमध्ये (मोडेमला सुरुवातीला दिल्या जाणाऱ्या कमांडमध्ये) एटीएक्स3 टाका, म्हणजे तो डायलटोनची वाट बघणार नाही.

वेगाची फार आशा धरू नका. दोन्ही टोकांना साधे मोडेम असले की 33.6 केबीपीएसच्या वर जात नाही, डब्यावर 56के छापलेलं असलं तरी. अँटीव्हायरसचे अपडेट, मेल वगैरे डायलर इंटरफेसवर अ‍ॅक्सेस लिस्ट (काय जाऊ द्यायचं आणि काय नाही याची यादी) लावून अडवा. डायलर लिस्टने ते अडणार नाहीत. कॉल लावायचा की नाही आणि किती वेळ धरून ठेवायचा, एवढंच ती ठरवते. एकदा कॉल लागला की बाकी सगळं त्यावरून जातंच.