अध्यादेशाच्या तारखा

सस्नेह आशीर्वाद,

कायद्याचे राज्य प्रत्यक्षात कसे चालते हे शिकायचे असेल, तर एक अध्यादेश, म्हणजे सभागृहे बंद असताना राष्ट्रपती किंवा राज्यपालांनी काढलेला तात्पुरता कायदा, निवड आणि त्याचा शेवटपर्यंत माग काढ. जीआरशी त्याची गल्लत नको: जीआर (शासन निर्णय) हा प्रशासनाचा निर्णय, अध्यादेशाला मात्र कायद्याचेच बळ असते. हा अधिकार वसाहतकाळातला आहे. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने तर गव्हर्नर जनरलला काही विषयांवर कधीही अध्यादेश काढायची मुभा होती. घटनाकारांनी ती वगळली, पण सभागृहे बंद असतानाचा अधिकार अनुच्छेद १२३ (राष्ट्रपती) आणि २१३ (राज्यपाल) मध्ये ठेवला.

आधी राजपत्र काढून अध्यादेशाची तारीख टिपून घे. मग सत्रसमाप्ती, म्हणजे आदेशाने अधिवेशन संपवणे, कधी झाली, पुढचे अधिवेशन कधी भरले, अध्यादेश पटलावर कधी ठेवला, हे कामकाजाच्या नोंदींतून शोध. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, मंजुरी न मिळाल्यास अध्यादेश ज्या सहा आठवड्यांनी संपतो, ते अध्यादेशाच्या तारखेपासून मोजले जातात. ते मोजायचे सभागृह पुन्हा भरल्यापासून, आणि दोन्ही सभागृहे वेगवेगळ्या दिवशी भरली तर नंतरच्या तारखेपासून. दोन बैठकांत सहा महिन्यांपर्यंत अंतर चालते, त्यामुळे अध्यादेश सुमारे साडेसात महिने जगू शकतो. दुसरी चूक म्हणजे तहकुबीलाच अधिवेशनाचा शेवट समजणे. सत्रसमाप्तीचा आदेश निघेपर्यंत अधिवेशन चालूच असते. तो आदेश घाईने निघून लगेच अध्यादेश आला असेल, तर तिथे खूण कर.

तातडीचा दावाही तारखांवरच तपासायचा. १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश १९ जुलै १९६९ ला निघाला. संसद २१ जुलैला भरायची होती. हेतू चांगला की वाईट हा वेगळा वाद आहे. दोन दिवस थांबल्याने काय बिघडले असते, हे सरकारने सांगायला हवे.

सर्वात घातक प्रकार म्हणजे पुनर्प्रख्यापन, म्हणजे मुदत संपत आली की तोच अध्यादेश पुन्हा काढणे. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश असे जिवंत ठेवले गेले, काही तर चौदा वर्षांपर्यंत. हे उघड केले पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले अर्थशास्त्राचे प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी. ते वकील नव्हते, म्हणूनच हे उदाहरण तुझ्यासाठी मोलाचे वाटते. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रथेला घटनेशी केलेली लबाडी ठरवले. २०१७ च्या सात न्यायमूर्तींच्या निकालाने पुढचे पाऊल टाकले: अध्यादेश सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक आहे, आणि तो संपल्यावर त्याखालचे हक्क आपोआप टिकत नाहीत.

अध्यादेशाच्या जागी लोकसभेत विधेयक आले, तर सोबत तातडीची कारणे सांगणारे निवेदन जोडावे लागते. ते मिळव. सरकारने तेव्हा सांगितलेले कारण आणि तू टिपलेल्या तारखा शेजारीशेजारी मांड. पुनर्प्रख्यापन असेल तर जुना आणि नवा मजकूर ओळीने ताडून बघ, कारण एखादे कलम बदलून तो नवा अध्यादेश असल्याचा दावा करता येतो.