फोन चालतोय, पण कशासाठी?

जुन्या स्मार्टफोनबद्दलचे प्रश्न पाठवा असं वाचकांना सांगितलं होतं. नाशिक शहरातून आले, दिंडोरी-सिन्नरहून आले, पार हरसूलहूनही आले. बहुतेकांचं म्हणणं एकच आहे: फोन धडधाकट आहे, मग बदलायचा कशाला? प्रश्न रास्त आहे. दहा-पंधरा हजार रुपये कुणालाही जड जातात. म्हणून प्रत्येकाला मी उलट विचारतो, की या फोनकडून तुम्हाला नेमकं काय काम करून घ्यायचं आहे? कारण फोन एका दिवशी संपत नाही. त्याचं नेटवर्क, त्याची अ‍ॅप्स, त्याची सुरक्षा आणि त्याची बॅटरी, प्रत्येकाची मुदत वेगळी असते.

माझ्याकडे मुलाने दिलेला आयफोन ६ आहे. व्हॉट्सअ‍ॅप अचानक बंद पडलं. दुकानदार म्हणतो, फोन बिघडलाय, दुरुस्त करून देतो. करून घेऊ का?
— निवृत्त शिक्षिका, पंचवटी

बाई, दुरुस्तीवर एक रुपयाही घालवू नका. फोन बिघडलेला नाही. ५ मे २०२५ पासून व्हॉट्सअ‍ॅपला आयफोनवर आयओएस (आयफोन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) १५.१ किंवा त्याच्या पुढची आवृत्ती लागते आणि आयफोन ६ ची धाव आयओएस १२ पर्यंतच आहे. कुठलाही कारागीर त्याला पुढे नेऊ शकत नाही. अँड्रॉइडवाल्यांवरही हीच वेळ आली होती. जानेवारी २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने अँड्रॉइड ४.४ ची साथ सोडली.

नंबर तोच ठेवून दुसऱ्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलंत की तुमचे ग्रुप परत दिसतील. जुने मेसेज मात्र बॅकअपवर अवलंबून आहेत. बॅकअप आयक्लाउडवर, म्हणजे अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठ्यावर, असेल तर तो दुसऱ्या आयफोनवर उतरतो, अँड्रॉइडवर उतरत नाही. त्यामुळे नवा फोन कुठला घ्यायचा हे ठरवण्याआधी मुलाला आयक्लाउड तपासायला सांगा. गॅलरीतले फोटो केबल लावून कॉम्प्युटरवर घ्या, ते कुठे जात नाहीत.

बोलायला, गजर लावायला, गाणी ऐकायला हा फोन अजून चांगला आहे. २०१४ सालच्या या फोनला अ‍ॅपलने जानेवारी २०२३ मध्येसुद्धा सुरक्षा अपडेट दिलं होतं. इतकी वर्षं मागे वळून पाहणारी कंपनी विरळाच.

माझा फोन २०१८ चा, अँड्रॉइड ९ वर चालतो. हवामान, औषधांची माहिती, व्यापाऱ्याकडून येणारे पैसे, सगळं त्याच्यावरच. कधी अडला नाही. मुलगी म्हणते, यातून पैशाचं अ‍ॅप काढून टाका. तिचं ऐकू का?
— द्राक्ष बागायतदार, दिंडोरी

ऐका. आणि तेवढ्यावर थांबू नका.

बागेत डावणी आली की पानावर डाग दिसतो. डाग दिसला की तुम्ही फवारणी करता. फोनमध्ये असा डाग दिसत नाही, सगळी अडचण तिथेच आहे. अँड्रॉइडमध्ये एखादी फट सापडली की गूगल तिची दुरुस्ती काढतं. मग चिप बनवणाऱ्या कंपनीने आपला भाग तयार करायचा, फोनच्या कंपनीने तो आपल्या मॉडेलवर बसवायचा आणि मग तो तुमच्या हातात पोचायचा. या साखळीतल्या एकाने हात काढून घेतला की ती फट जगजाहीर होते, पण तुमच्या फोनमध्ये उघडीच राहते. २०१५ मध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाची अशीच एक मोठी फट सापडली. नुसता एक मल्टिमीडिया मेसेज पाठवून फोनमध्ये शिरता येईल अशी ती होती. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून गूगलने दर महिन्याला सुरक्षा दुरुस्त्या द्यायला सुरुवात केली. तुमच्या फोनला त्या किती मिळाल्या, हे सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली ‘सिक्युरिटी अपडेट’ अशा नावाने लिहिलेलं असतं. तिथली तारीख बघा. २०१८ च्या बऱ्याच फोनांवर ती २०२० किंवा २०२१ ला थांबलेली दिसते. शिवाय क्रोम ब्राउझरची १३९ पासूनची आवृत्ती अँड्रॉइड १० च्या खाली चालत नाही. म्हणजे तुमचा ब्राउझरही २०२५ च्या मध्यावरच अडकलेला आहे.

तरीही खरं सांगू? गावाकडे माझ्यासमोर जी प्रकरणं येतात त्यात चोर फटीतून शिरलेला नसतो, दार उघडून आत घेतलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका येते, आरटीओचं चलान येतं, पीएम किसानच्या नावाने काहीतरी येतं. ती फाइल असते एपीके, म्हणजे चक्क अ‍ॅप. ती उघडली आणि मागेल त्या परवानग्या दिल्या की तुमचे मेसेज तिकडे वाचले जातात. इथे जुन्या फोनचा आणखी एक तोटा समोर येतो. अँड्रॉइड १३ पासून अशा बाहेरून आलेल्या अ‍ॅपला ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी, म्हणजे स्क्रीन वाचण्याची आणि तुमच्या वतीने बटणं दाबण्याची मुभा, सहजासहजी देता येत नाही, फोनच अडवतो. अँड्रॉइड ९ अडवत नाही.

आता मुलीच्या सल्ल्याचा राहिलेला भाग. नुसतं अ‍ॅप काढलं आणि बँकेला दिलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये राहिलं, तर काम अर्धवट झालं. ओटीपी त्या सिमवर येतो, यूपीआयची नोंदणीही त्या सिमवरून जाणाऱ्या मेसेजने होते. म्हणून घरात ज्याचा फोन नवा असेल त्यात ते सिम जाऊ द्या, किंवा साधा पण अपडेट मिळणारा फोन घ्या आणि सिम त्यात टाका. जुना फोन दुसऱ्या सिमवर किंवा हॉटस्पॉटवर बागेत खुशाल वापरा. हवामान बघा, पानांचे फोटो काढा. आणि हे जमेपर्यंत दुसऱ्या बँकेत एक छोटं खातं उघडून यूपीआय तेवढ्यालाच जोडा. हंगामाचे पैसे ज्या खात्यात येतात ते या फोनला दिसताच कामा नये. सिक्युरिटी अपडेटची तारीख वर्षाहून जुनी झाली की मी स्वतः त्या फोनवर मुख्य खातं ठेवत नाही.

खोक्यावर फोरजी लिहिलंय. जिओचं सिम घातलं तर नेट चालतं, कॉल लागत नाही. एअरटेलचं घातलं तर कॉल लागतो पण बोलताना नेट बंद पडतं. फोन सदोष आहे का?
— आश्रमशाळेतील शिक्षक, हरसूल

सर, दोष म्हणता येणार नाही, पण फोन अपुरा आहे. तुमच्या फोनला फोरजीवर नेट घेता येतं, फोरजीवर बोलता येत नाही. त्या बोलण्याच्या सोयीला व्होल्टी म्हणतात. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालं तेच मुळी फक्त फोरजी घेऊन. त्यांच्याकडे टूजी-थ्रीजी कधी नव्हतंच, त्यामुळे व्होल्टी नसलेल्या फोनवर जिओचा साधा कॉल लागायला जागाच नाही. एअरटेलकडे टूजी अजून आहे, म्हणून कॉल आला की तुमचा फोन टूजीवर उतरतो, बोलणं होतं, आणि तेवढा वेळ नेट जातं. पूर्वी तो थ्रीजीवर उतरायचा आणि नेट जेमतेम का होईना चालू राहायचं. एअरटेलने २०१९ मध्ये कोलकात्यापासून थ्रीजी बंद करायला घेतलं आणि त्या लहरी फोरजीला दिल्या. फोन तोच आहे, त्याच्या पायाखालची पायरी निघून गेली.

फोन बदलण्याआधी दोन गोष्टी करून बघा. सेटिंग्जमध्ये सिमच्या भागात ‘व्होल्टी’ किंवा ‘फोरजी कॉलिंग’ असं बटण आहे का पाहा. बऱ्याचदा ते नुसतं बंद असतं. मग सॉफ्टवेअर अपडेट तपासा. काही मॉडेलना ही सोय पुढे अपडेटमधून मिळाली होती. दोन्हींतून काही निघालं नाही तर मात्र उपाय नाही.

तुमच्या भागातून आणखी एक तक्रार सतत येते: शेजाऱ्याच्या फोनला रेंज आहे, माझ्या नाही, कंपनी तीच. हा बँडचा, म्हणजे नेटवर्कच्या लहरींच्या ठरावीक पट्ट्यांचा मामला आहे. जिओचं फोरजी प्रामुख्याने ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे बँड ५, ३ आणि ४०. त्यातली ८५० ची लहर लांब जाते, डोंगराआड आणि भिंतीआड बरी पोचते. एखाद्या जुन्या किंवा परदेशातून आणलेल्या फोनमध्ये बँड ५ नसेल, तर कॉलेज रोडवर तो मस्त चालेल आणि हरसूलच्या घाटात मुका होईल. फोन घेताना मॉडेल नंबरवरून कंपनीच्या माहितीपत्रकात हे तीन बँड शोधा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडच्या लोकांनी तर कॅमेऱ्याआधी हेच बघावं.

घरात टूजीचा बटणवाला फोन असेल तर तो असू द्या, एअरटेल आणि व्हीआयवर तो अजून बोलतो. पण फक्त त्याच्या भरवशावर राहू नका. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, तेव्हा व्होल्टी नसलेले फोन, अगदी फोरजीचेसुद्धा, बोलण्याच्या कामाचे राहिले नाहीत.

आता फाइव्हजी आलं, म्हणजे फोरजीचे फोन दोन वर्षांत बंद होणार, असं कंपनीतले सगळे म्हणतात.
— कामगार, सातपूर

नाही होणार. देशात फाइव्हजी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, आणि एअरटेलचं फाइव्हजी तर फोरजीच्याच खांद्यावर उभं राहिलं. बीएसएनएलने स्वदेशी फोरजीचं देशभर उद्घाटन केलं ते सप्टेंबर २०२५ मध्ये. व्होल्टी असलेला फोरजी फोन नेटवर्कच्या भीतीने विकू नका. त्याची सुरक्षा अपडेटची तारीख आधी संपेल.

एमजी रोडवर सेकंडहँड फोन घ्यायचा आहे. बजेट कमी आहे. काय बघू?
— विद्यार्थिनी, गंगापूर रोड

चकाकीच्या आधी वय बघ. अपडेटची वर्षं फोन बाजारात आला तेव्हापासून मोजतात, तू घेतलास तेव्हापासून नाही. गॅलेक्सी एस२४ ला सॅमसंगने सात वर्षं कबूल केली आहेत, तो जानेवारी २०२४ चा, म्हणजे २०३१ पर्यंत. पिक्सेल ८ ला गूगलने सात दिली, तो ऑक्टोबर २०२३ चा, म्हणजे २०३० पर्यंत. हे झाले महागडे. स्वस्त मॉडेलना बहुधा याच्या निम्मीही मिळत नाहीत, म्हणून दुकानात उभी असतानाच त्या मॉडेलचं साल आणि कबूल केलेली वर्षं शोध. तीन वर्षांची कबुली असलेला तीन वर्षांचा फोन कितीही स्वस्त असला तरी तुला पडेल महागच. आयफोनचं म्हणशील तर आयओएस २६ आयफोन ११ पासून पुढेच मिळते. एक्सआर आणि एक्सएस मागे राहिले. दुकानात ते अजून काचेत झळकतात, भुलू नकोस.

मग *#०६# दाब, १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक दिसेल. केवायएम ही इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठव. ब्लॉक केलेला, म्हणजे चोरीचा असू शकणारा फोन असेल तर उत्तरात कळतं. बिल माग. मूळ बिल नसेल तर दुकानाच्या पावतीवर आयएमईआय लिहून घे. दुकानदार त्याला तयार नसेल तर पुढचं दुकान गाठ. त्या रस्त्यावर दुकानांची कमी नाही.

वडिलांच्या अँड्रॉइड ६ च्या फोनवर वेबसाइट उघडताना ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येतं. नेट तर चालू आहे.
— सिन्नर

आधी तारीख बघा. बॅटरी पूर्ण उतरल्यावर असे फोन तारीख विसरतात, आणि तारीख चुकली की प्रत्येक साइट खोटी वाटते. तारीख बरोबर असेल तर कारण निराळं आहे. प्रत्येक सुरक्षित साइट एक प्रमाणपत्र दाखवते आणि ते कुणाच्या सहीचं चालेल याची यादी फोनमध्ये असते. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेची प्रमाणपत्रं जगभरच्या असंख्य साइट वापरतात. तिची आताची मूळ सही अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांच्या यादीत नाही. जुन्या सहीच्या आधारावर २०२४ पर्यंत भागलं, आता तोही आधार गेला. फायरफॉक्स स्वतःची यादी सोबत बाळगतो, म्हणून त्याच्या जुन्या आवृत्तीवर त्याच साइट बऱ्याचदा उघडतात. पंचांग आणि बातम्या वाचायला ते ठीक. ‘तरीही पुढे जा’ दाबून बँकेच्या साइटवर मात्र वडिलांना जाऊ देऊ नका.

फोनचं मागचं झाकण थोडं वर आलंय. चार्ज नीट होतो. वापरू ना?
— नाशिकरोड

नाही. आजच बंद करा. झाकण वर आलं म्हणजे आत बॅटरी फुगली आहे. माझ्या काकांनी असाच एक फोन एप्रिलच्या उन्हात खिडकीत चार्जिंगला ठेवला होता. स्क्रीन फ्रेममधून उचकटली, खिडकीच्या पडद्याला धग लागली. काकू तिथेच होत्या म्हणून पुढचं टळलं. तो फोन फुगलेला मी आठवडाभर आधी पाहिला होता आणि ‘बघू नंतर’ म्हणालो होतो. ते अजून मनाला लागतं, म्हणून तुम्हाला इतक्या घाईने सांगतोय.

दाबून झाकण बसवू नका, टोचू नका, चार्जर लावू नका. फोन बंद करून फरशीवर, कापडा-कागदापासून दूर ठेवा आणि दुकानात घेऊन जा. फोनला सुरक्षा अपडेट मिळत असेल तर चांगल्या प्रतीची बॅटरी टाकून घ्या, दोन वर्षं तरी वाढतील. साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर बहुतेक जुन्या बॅटऱ्या मूळच्या ८० टक्क्यांवर येतात, तो काही फोनचा शेवट नव्हे. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आहे की ८०० वेळा चार्ज करूनही ८० टक्के उरले पाहिजेत, आणि मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं अपडेट मिळाले पाहिजेत. असा नियम आपल्याकडे व्हावा असं मला फार वाटतं. दिंडोरीच्या बागायतदारांचा प्रश्न मग आलाच नसता.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचरा दाबताना ती फुटली तर गाडीवरच्या माणसाच्या अंगावर जाते. ती दुकानदाराकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.