शिकागो व्हाइट सॉक्स या अमेरिकी बेसबॉल संघाच्या चाहत्यांनी आता आशा धरावी का?

हो, धरावी. पण घाई करू नये.

2024 मध्ये या संघाने 162 पैकी 121 सामने गमावले. त्यात सलग 21 पराभवही होते. ते दिवस चाहता म्हणून फार जड गेले. 2025 मध्ये 60 विजय, 102 पराभव. आकडा अजून वाईटच, तरी मैदानावरचा खेळ वेगळा दिसत होता.

याचं मोठं कारण कोल्सन मॉन्टगोमेरी. मायनर लीगमध्ये, म्हणजे मुख्य संघाखालच्या स्पर्धांत, तो इतका चाचपडत होता की अनेकांनी त्याच्यावर फुली मारली होती. 2025 च्या जुलैत मुख्य संघात आला आणि 71 सामन्यांत 21 होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) ठोकले! शॉर्टस्टॉपकडून, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाकडून, एवढी ताकद क्वचितच मिळते. चेंडू हुकण्याचं प्रमाण मात्र त्याला कमी करावं लागेल.

पिचर (चेंडू टाकणारा) गॅरेट क्रोशे बॉस्टनच्या संघाला दिला तेव्हा मला खूप वाईट वाटलं होतं. पण त्या बदल्यात आलेला कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) काइल टील पहिल्याच वर्षी स्थिरावला, चेस माइड्रॉथही रोजच्या संघात आला. एका कॅचरभोवती संघ बांधता येतो, म्हणून माझ्या मते टील सगळ्यांत मोलाचा.

खरी चिंता पिचिंगची. मिलवॉकीच्या संघाने न राखलेला पिचर शेन स्मिथ थेट ऑल-स्टार झाला, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंत गेला, पण एकट्याने भागत नाही. डावखुरे पिचर नोआ शुल्ट्झ आणि हेगन स्मिथ तयार व्हायला हवेत. शुल्ट्झची उंची आणि स्लायडर (बाजूला वळणारा वेगवान चेंडू) पाहिला की मन भरून येतं. त्याचं शरीर साथ देवो, एवढंच.