चौदाशे फोटो एकेक करून कशाला?

प्रश्न: ताई, गावच्या वाचनालयासाठी घराघरातल्या जुन्या वस्तूंचे (जाती, पेटारे, तांब्याची भांडी) फोटो मोबाईलवर काढलेत. १४०० झालेत, प्रत्येक ४-५ एमबीचा. वेबसाइट करणारा म्हणतो लहान करून द्या. रोज रात्री एकेक उघडून रिसाइज करतोय, आठवड्यात २०० पण झाले नाहीत आणि त्यातले काही साइटवर आडवेच दिसतात. सगळे एकदम होतील का?

उत्तर: होतील, आणि फुकटात. इमेजमॅजिक नावाचं फोटो बदलायचं सॉफ्टवेअर टाकून घ्या, विंडोज, लिनक्स, मॅक कशावरही चालतं. ह्याला खिडकी-बटणं नाहीत, कमांड टाइप करायची, त्याला घाबरू नका, एकच ओळ आहे. नेटवरच्या जुन्या माहितीत कमांडची सुरुवात ‘कन्व्हर्ट’ने असते, ती विंडोजवर नका वापरू, तिथे त्याच नावाची डिस्कची कमांड आधीपासून आहे. व्हर्जन ७ मध्ये सुरुवात ‘मॅजिक’ने करायची.

तुमच्या कामाचं आहे ‘मॅजिक मॉग्रिफाय’, ते पूर्ण फोल्डरवर एका दमात चालतं. पण हे नीट वाचा, मॉग्रिफाय मूळ फोटोवरच लिहितं, विचारत नाही आणि अनडू नाही. मी एकदा घाईत असंच चालवलं आणि आजीचे मोठ्या साइजचे फोटो कायमचे गेले, अजून वाईट वाटतं. म्हणून आधी फोल्डरची कॉपी दुसऱ्या डिस्कवर, मग ‘लहान’ नावाचा रिकामा फोल्डर स्वतः बनवा (ते बनवून देत नाही) आणि ‘पाथ’ ऑप्शनमध्ये त्याचं नाव द्या, नवे फोटो तिकडे जातील.

पुढे क्रम महत्त्वाचा. पहिलं ‘ऑटो-ओरिएंट’. फोटो आडवे दिसतात कारण मोबाईल फोटो फिरवत नाही, फक्त कसा फिरवायचा त्याची नोंद आत ठेवतो, ह्या ऑप्शनने तो खरंच फिरतो. मग ‘रिसाइज’ला १६०० बाय १६०० आणि त्याला चिकटून ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह (>), म्हणजे लांब बाजू १६०० होते, प्रमाण बिघडत नाही आणि आधीच लहान असलेले फोटो उगाच ताणले जात नाहीत. हे आकडे आणि चिन्ह मिळून डबल कोटात घाला, नाहीतर ते चिन्ह म्हणजे ‘आउटपुट फाईलमध्ये टाक’ असं समजून भलत्याच नावाची फाईल तयार होते. शेवटी ‘क्वालिटी’ ८२.

‘स्ट्रिप’ (फोटोच्या आतल्या नोंदी काढून टाकणारा ऑप्शन) पण लावा असं बरेच जण सांगतात, मी नाही सांगणार. त्याने रंगाचं प्रोफाईल, म्हणजे रंग कसे दाखवायचे त्याची नोंद, पण उडतं, काही मोबाईलचे फोटो मग फिके दिसतात, तांब्याचा रंग तर हमखास. पण लोकेशन मात्र काढाच, कुणाच्या घरात जुना पेटारा आहे हे जगाला कशाला कळायला हवं, त्यासाठी ‘एक्झिफटूल’ हा फोटोच्या आतल्या नोंदी बदलणारा वेगळा प्रोग्राम वापरा, त्याला फक्त जीपीएसची नोंद पुसायला सांगता येतं, मग बाकीला तो हात लावत नाही.

आधी १० फोटोंवर चालवा, त्यात उभे-आडवे दोन्ही घ्या, साइटवर चढवून मोबाईलवर बघा, मग १४०० लावा.