परदेशात अटक झाल्यास सरकारचे कर्तव्य काय?

प्रश्न : माझा पुतण्या शारजा येथे सोन्याच्या दुकानात कामाला आहे. मालकाशी हिशेबावरून वाद झाल्यानंतर पोलिसांनी त्याला ताब्यात घेतल्याचे त्याच्या खोलीतील मुलाने बारा दिवसांपूर्वी कळवले. ज्या एजंटाने त्याला पाठवले, तो फोन उचलत नाही. वकिलातीकडूनही निरोप नाही. त्याला सोडवून आणणे हे सरकारचे कर्तव्य नाही काय?
— एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : आपली काळजी समजते; मात्र सोडवणे आणि साहाय्य करणे या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या आहेत. वाणिज्यदूतीय संबंधांबाबतच्या 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36 नुसार परदेशी नागरिकाला अटक झाल्यास त्याच्या हक्कांची माहिती त्याला विनाविलंब देणे आणि त्याने मागणी केल्यास त्याच्या देशाच्या वकिलातीला कळवणे, हे अटक करणाऱ्या देशाचे कर्तव्य आहे. भारत व संयुक्त अरब अमिराती हे दोन्ही देश या कराराने बांधलेले आहेत. ‘मागणी केल्यास’ हे शब्द आपण लक्षात घ्यावेत. अनेक तरुण बदनामीच्या भीतीने वकिलातीचे नावच काढत नाहीत, आणि मग तिला कोणी कळवतही नाही.

कळल्यावर अधिकाऱ्यांना कैद्याला भेटण्याचा, त्याच्याशी पत्रव्यवहार करण्याचा आणि त्याच्यासाठी वकिलाची व्यवस्था करण्याचा अधिकार आहे. तेथील न्यायालयावर दबाव आणण्याचा अधिकार मात्र नाही. सांगलीत जन्मलेल्या कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 17 जुलै 2019 रोजी पाकिस्तानने कलम 36 चा भंग केल्याचा निर्णय दिला आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करण्यास सांगितले. परंतु शिक्षा रद्द करून त्यांची सुटका करावी, ही भारताची मागणी फेटाळली. जिंकलेल्या खटल्यातही सुटका पदरात पडली नाही, यावरून या हक्काची मर्यादा ध्यानात येईल.

आपले सरकार आपल्याला किती बांधील आहे, हा प्रश्न अधिक अवघड आहे. परदेशात अडकलेल्या नागरिकाला अमुक मदत मिळालीच पाहिजे, असे सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, आणि माझ्या मते ही उणीव आहे. तरीही 2009 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून गरजू कैद्यांना कायदेशीर साहाय्य व किरकोळ दंडाची रक्कम देता येते. ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते.

शारजा हे दुबईतील भारतीय महावाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येते, म्हणून अर्ज अबुधाबीच्या दूतावासाकडे न पाठवता थेट तेथेच पाठवावा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवरही तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. पासपोर्ट व व्हिसाची प्रत, मालकाचे नाव-पत्ता, अटकेची तारीख आणि शक्य असल्यास पोलीस ठाण्याचे नाव सोबत जोडावे. एजंटाविरुद्धची तक्रार स्वतंत्रपणे करावी. ती याच अर्जात मिसळल्यास मूळ मागणी बाजूला पडते.

पुढे शिक्षा झालीच, तर कैदी हस्तांतरणासाठी उभय देशांत 2011 साली झालेल्या करारानुसार उरलेली शिक्षा भारतात भोगण्याची विनंती करता येते. त्यासाठी शिक्षा अंतिम झालेली असावी लागते आणि दोन्ही सरकारांसह खुद्द कैद्याचीही संमती लागते. पण आज आधी दुबईला अर्ज पाठवा.