पाळीचा त्रास खरा आहे, म्हणून गर्भाशय काढावे का?

प्रिय ताई,

आपली सोळा वर्षांची मुलगी बौद्धिक दिव्यांग आहे, पाळीच्या दिवसांत ती पॅड ओढून काढते, त्यामुळे चार-चार दिवस तिची शाळा बुडते, आणि उद्या कोणी तिचा गैरफायदा घेतला तर काय, या धास्तीने सासूबाई व नेहमीचे डॉक्टर ‘पिशवीच काढून टाका’ असा आग्रह धरत आहेत, असे आपण लिहिले आहे. आपण होकार द्यावा का? केवळ या कारणांसाठी मुळीच देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. आपली दमणूक मला कळते, आणि आपल्याला दोष देण्याचा हेतू यात अजिबात नाही.

गैरफायद्याच्या भीतीचे आधी पाहू. शस्त्रक्रियेने अत्याचार टळत नाही, टळते ती फक्त गर्भधारणा. आणि तिच्याबरोबर तो अत्याचार उघडकीस येण्याची एक वाटही बंद होते. मुलीच्या रक्षणासाठी तिला शाळेत कोण नेते-आणते, स्वच्छतागृहात तिच्यासोबत कोण असते, हे पाहावे लागेल, आणि कोणी नकोसा स्पर्श केल्यास ‘नको’ म्हणून ते आपल्याला सांगायला तिला शिकवावे लागेल.

१९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतील बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली, तेव्हाही स्वच्छतेचे आणि सुरक्षिततेचे हेच कारण पुढे केले होते. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर त्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. आज तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १० नुसार, दिव्यांग व्यक्तीला वंध्यत्व येईल असा कोणताही वैद्यकीय उपचार तिच्या स्वतःच्या, समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. शिवाय ही भूल देऊन करायची मोठी शस्त्रक्रिया आहे. अंडाशय जागेवर ठेवले तरी रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते, आणि तेही काढले तर हाडे लहान वयातच ठिसूळ होऊ लागतात. गर्भाशयालाच गंभीर आजार असता, तर गोष्ट वेगळी होती.

आता पॅडविषयी. ती ते का काढते, याचा शोध घ्यावा; पुष्कळदा प्लॅस्टिकची कड टोचते किंवा ओलसरपणा सहन होत नाही. मऊ सुती पॅड किंवा पाळीसाठी मिळणारी शोषक अंतर्वस्त्रे वापरून पाहावीत. पाळी नसतानाच सराव सुरू करावा: चड्डीच्या आतून पॅडच्या आकाराची रेघ मार्करने आखून द्यावी, म्हणजे ते कुठे लावायचे हे तिला दिसेल, आणि बदलण्याच्या पायऱ्यांची चित्रे न्हाणीघरात तिच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावीत. यास काही महिने लागतील. तिच्या विशेष शिक्षिकेला यात जरूर सामील करून घ्यावे. रक्तस्राव किंवा वेदना फार असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे स्राव कमी करणारी औषधे, हार्मोनच्या गोळ्या, हार्मोनयुक्त लूप असे पर्याय असतात, आणि ते नंतर थांबवता येतात. तिला फिट्सची औषधे चालू असल्यास ते मात्र आवर्जून सांगावे, कारण त्यांतील काही औषधांमुळे हार्मोनच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो.

या भेटीला मुलीला सोबत न्यावे, आणि ‘कुठे दुखते, काय नकोसे वाटते’ हे डॉक्टरांनी थेट तिलाच विचारावे, असा आग्रह आपण धरावा. उत्तर द्यायला तिला वेळ लागेल. तेवढा वेळ न देणारे डॉक्टर असतील, तर दुसरे शोधावेत.